उपकार की उपचार

रविवार संध्याकाळ, १९९४. नारायणगुडा.

ह्यांचा डावा हात लुळा पडल्यापासून चर्च सुटलं, उपासना घरीच होते. गाताना हे उजव्या हाताने मांडीवर थाप मारतात, तीच टाळी. आज शेजारी केबलचा धिंगाणा चालला होता.

उपासनेच्या पुस्तकातली देवाचे उपकार मानायची ‘उपकारस्तुती’ लेकीने ‘उपचारस्तुती’ अशी वाचली. इंग्रजी शाळेतली पोर! माझा चेहरा बघून म्हणाली, "मम्मी, गलत पढी क्या?"

काय सांगू? आठ महिने उपचारच चाललेत, गुण काही नाही. उपकार कशाचे मानू?

तेवढ्यात हे मनापासून "आमेन" म्हणाले. मला चिडच आली. ह्यांनी पुन्हा थाप मारायला उजवा हात उचलला, तेव्हा मी ह्यांचा लुळा हात त्याखाली धरला. टाळी वाजली. हे हसले.

एवढंच माझ्या हातात होतं.