मदरचं पोट आणि पुतळीचा नवस

डहाणू,
जानेवारी २०१७

चि. अमृत यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? जिजाची साखर? तुम्ही नवरा-बायको दोघेही पथ्य पाळत नसणार हे गृहीत धरून चौकशी इथेच आटोपते. मी ठीक आहे. (ठीक म्हणजे रक्तदाब वर गेलेला आहे, पण त्याचं कारण तू आहेस, आणि त्यावर गोळी निघालेली नाही.) फोन का केला नाही, असं विचारशील. सारी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात घालवली, तेव्हा फोनवर माणूस किती ऐकतो हे मला चांगलं ठाऊक आहे. तू "हं, हं" म्हणतोस आणि क्रिकेट बघतोस. कागदाला "हं" म्हणता येत नाही.

तर गेल्या आठवड्यात मी तुला फोनवर सांगितलं की मदर आजारी आहे; आणि तू, माझा पाठचा भाऊ, म्हणालास, "म्हातारी झाली ती, ताई. कापून टाक. पुढच्या रविवारी आम्ही येतोच आहोत." रस्सा पातळ कर की दाट, तेवढं सांगायचं राहिलं! अरे, मदर ही कोंबडी असली तरी अंगणातली सगळ्यात वडीलधारी व्यक्ती आहे. तिला ते नाव मी उगाच दिलेलं नाही. ओटीवर येणाऱ्या प्रत्येकाच्या पायांपुढे ती थांबते, मान वाकडी करून नखं तपासते आणि नापसंतीने पुढे जाते. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या मोठ्या मदर अगदी हेच करत. फरक एवढाच की ही टोचत नाही.

झालं असं. यंदा चिकू बक्कळ आला, खाली पडून सडला, आणि तो आंबलेला चिकू मदरने माझा डोळा चुकवून मनसोक्त खाल्ला. दुसऱ्या दिवशी पाहते तर बाईसाहेब पिसं फुलवून एका कोपऱ्यात. गळ्याखालची दाण्याची पिशवी पाणी भरलेल्या फुग्यासारखी टम्म, आणि तोंडाला असा वास की बोलायची सोय नाही. कुंपणापलीकडची पुतळी धावत आली, वाकून वास घेतला आणि म्हणाली, "बाय, ही त ताडी पेली!" पुतळीचा आवाज तुला माहीत आहे. दुपारपर्यंत अख्खा पाडा पिऊन पडलेली कोंबडी बघायला माझ्या अंगणात. त्यात आमच्या मागच्या ताडांवर चढणारा हाल्या आला तो रागावूनच. "माझ्या मडक्याला तोंड नाय लावलं तिनं. माझी ताडी पेली असती त अशी पडली नसती, नाचली असती." (घराण्याची अब्रू गेली ती गेलीच, वर हाल्याच्या मालाची बदनामी केल्याचा ठपकाही माझ्यावर.) मग उपाय सुरू झाले. एरंडेल पाजा, कांदा भरवा, उलटी धरून झटका. जो उलटी धरील त्याला मी उलटा धरीन, असं सांगितल्यावर अंगण रिकामं झालं.

डहाणूतला जनावरांचा डॉक्टर रजेवर, म्हणून मदरला कापडी पिशवीत घालून, डोकं बाहेर ठेवून, जीपने कासाला निघाले. शेजारचा इसम विचारतो, "मावशी, बाजारात का?" मी म्हटलं, "नाही, दवाखान्यात." त्यानंतर चारोटीपर्यंत अख्खी जीप वळून वळून मदरकडे बघत होती. डॉक्टर तरुण, बैलांची सवय असलेला. "अंडी देते का?" "नाही." "मग?" त्या "मग?"ने माझं मस्तक फिरलं. म्हटलं, "डॉक्टर, मीही पेन्शनर आहे. मला अजून कोणी 'मग?' विचारलेलं नाही." मुलगा लाजला, पण वाईट नव्हता. दिवसभर पाण्याशिवाय काही नको म्हणाला, थेंबांचं औषध दिलं, गळ्याखालची पिशवी हलक्या हाताने चोळायला शिकवलं, आणि उलटी मात्र कधीच धरू नका, पाणी श्वासात जाऊन जीव जाईल, हेही सांगितलं.

मग मी बसले चोळत. अमृत, कोंबडी डोळा मिटते तो खालून वर, हे तुला माहीत होतं? मला नव्हतं. इतकी वर्षं ती माझ्या पायांत घोटाळते, पण तिची मान माझ्या तळहातावर अशी विसावलेली मी पहिल्यांदा पाहिली. वजन म्हणशील तर काहीच नाही. नुसती ऊब. मी तिला शाळेतली प्रार्थना म्हणून दाखवली. ती संपली, तेव्हा पहाटे कामाला लागणाऱ्या आईची ओवी आठवेल तेवढी म्हटली. आणि मंगळवारी सकाळी मदरला शौचास साफ झालं. (असं वाक्य निबंधात लिहिलं असतं तर मला बाकावर उभं केलं असतं.) मी एकटीच अंगणात टाळ्या वाजवल्या.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण पुतळी हसत हसत आली. "बाय, गावदेवी पावली! मी बोलली होती, म्हातारी बरी होऊ दे, तुला कोंबडी देन." मी विचारलं, "कुठली कोंबडी?" ती काही सांगणार तोच माझ्या ध्यानात आलं. माझ्या अंगणात कोंबडी एकच! माझा तोल गेला. म्हटलं, "रोगी बरा झाला म्हणून डॉक्टरला रोगीच द्यायचा? हा कुठला न्याय? आणि माझ्या कोंबडीवर नवस बोलणारी तू कोण?" ती खाली मान घालून निघून गेली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मदर स्वयंपाकघरात डालग्याखाली आहे आणि मागच्या दाराला कडी आहे.

पण खरं सांगू? कॉन्व्हेंटने मला काटा-चमचा शिकवला, गावदेवी विसरायला नाही शिकवली. आपल्या घरात देवीचं देणं कोणी बुडवलेलं नाही. नवस तसाच राहिला आणि मदर पुन्हा पडली तर? या विचाराने मी रात्री उठून डालगं उचलून बघते. म्हणून रविवारी येताना तलासरीच्या बाजारातून एक कोंबडा घेऊन ये. नीट चौकशी करून आण. पोरांच्या अंगावर जाणारा, दुष्ट, ज्याच्या मालकाचेही डोळे पाणावणार नाहीत असा. मला दाखवू नकोस, परस्पर देवीकडे ने.

जिजाला आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. रविवारी जेवायला बोंबील आहेत. तक्रार चालणार नाही.

दुसरा ता. क. कोंबडा आणू नकोस. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात पुतळी कुंपणाशी आली. हातात पानावर प्रसादाचं खोबरं. आज सकाळी तिने नवस फेडला, स्वतःची ठिपकेवाली कोंबडी देऊन. रोज अंडं देणारी! तिच्याकडे आहेत दोनच. मी म्हटलं, "अगं, तुझी का दिलीस?" तर म्हणते, "नवस मी बोलली ना. मना दुसरी हाय. तुमची एकच." पहिल्या दिवसापासून तिच्या मनात तिचीच कोंबडी होती. मी बोलूच दिलं नाही.

तर बाजारातून एक तलंग कोंबडी आण, अंड्यावर आलेली, ठिपकेवाली मिळाली तर उत्तम. पुतळीच्या हातात तू दे. माझ्याकडून ती घेणार नाही.

आत्ता विचारत होती, "बाय, आता बोलाल ना?" मी खोबरं तोंडात टाकून हे लिहायला आत आले. ती अजून तिथेच उभी आहे. जाते मी.