आईचं जमलंय

३ मार्च
वर्गात 'उतारवयातील प्रेम आणि लैंगिकता' शिकवलं. सत्तरीतही स्पर्श हवासा वाटतो, त्यात लाजायचं काय, असं टेबलावर हात आपटून सांगितलं. मागचे बाकसुद्धा जागे. डिपार्टमेंटमध्ये माझ्याइतका मोकळा माणूस नाही.

५ मार्च
आई सदुसष्टाव्या वर्षी पोहायला शिकतेय. उत्तम. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, मन रमायला हवं. टँकवर कुणी चष्मेवाले भेटतात म्हणे. दुकान मुलाकडे सोपवलंय, विधुर आहेत. निरोगी मैत्री.

९ मार्च, सायं. ७.२०
आई अजून आली नाही. काळजी नाही, नुसती नोंद.
७.३५. चष्मेवाल्यांच्या स्कूटरवरून उतरली. खांद्यावर हात होता. बॅलन्ससाठी ठेवावाच लागतो.

१० मार्च
आईची लिपस्टिक. हा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे. शेड भडक आहे, एवढंच सुचवलं. म्हणाली, त्यांना आवडते. 'त्यांना' म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. मोकळेपणा म्हणतात तो हाच.

१४ मार्च
ठरवलं, यात लक्ष घालायचं नाही.
संध्याकाळी सहज टँकवरून गेलो. जाळीतून सहज पाहिलं. चष्मेवाले आईला उताणं तरंगायला शिकवत होते. पाठीखाली हात. मग कोच पगार कशाचा घेतो? वॉचमननं हटकलं. संशोधन चाललंय म्हणालो.

१५ मार्च
सातच्या आत घरात, असा नियम सुचवला. केवळ सुरक्षिततेसाठी. तू कॉलेजात असताना तुला नऊपर्यंत मुभा होती, असं आईनं शांतपणे लक्षात आणून दिलं. बायको भिंतीकडे तोंड करून हसत होती.

२२ मार्च
लग्न करतायत. मी शास्त्रीय भूमिकेतून विचारलं, या वयात कशाला? सोबत हवी तर मी आहे, सून आहे, टीव्ही आहे. आईनं टीव्ही बंद केला.
"सोबत नाही रे. मला ते आवडतात."
जेवण गेलं नाही. उद्याचं लेक्चर कॅन्सल. घसा.

२ एप्रिल
आई सामान बांधतेय. मदत केली नाही, तिच्या स्वायत्ततेचा आदर म्हणून. बाबांचा फोटो कुठे राहणार, एवढं विचारलं. तिच्याकडेच. चष्मेवाल्यांनी खिळाही ठोकून ठेवलाय.

१८ एप्रिल
नोंदणी कार्यालय. मन पूर्ण मोकळं ठेवून गेलो. क्लार्कला विचारलं, वधूच्या पालकांनी सही कुठे करायची? तो वर न बघता म्हणाला, वधू सज्ञान असेल तर पालक लागत नाहीत. रांगेतली जोडपी फिदीफिदी हसली. चष्मेवाले काळजीनं माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला.
"मनावर घेऊ नका," म्हणाली. "वय अडनिडं आहे त्याचं. होईल मोठा."
मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे.