दोन रानांमधला बांध

खुलताबाद, वैशाख १९७३

दादा, धाकट्या रामकिसनचा दंडवत.

तुम्ही मुकुंदवाडीला गेल्यापासून दर नांगरटीला आपल्या दोन रानांमधला बांध मी वीतभर कोरत गेलो. त्याच्यावरच्या बाभळी गेल्या, गवत गेलं. मग माती पावसानं धुतली, उरलेली वाऱ्यानं नेली. आता दोन्हीकडं नुसता मुरूम हाय.

दुपारी डोळा लागला की बांध हिरवागार दिसतो. तुम्ही भाकरीचं फडकं सोडून म्हणता, "ये, बस." मी बसायला जातो अन् बांध विरघळतो.

वारं सुटलं की ओसरी धुळीनं भरते. बायको झाडायला उठते, तर मी म्हणतो, "राहू दे, त्यात दादाचं रान हाय."

दुष्काळानं रान गेलं, असं मी तुम्हाला कळवलं होतं. तुम्ही लिहिलंत, 'त्यात तुझा काय दोष?' त्या एका ओळीपायी हे पत्र पेटीत टाकवत नाय.

तुमचा,
रामकिसन