आधी बुटात हात घाला

तीर्थरूप अण्णांना लेकीचा साष्टांग नमस्कार,

माझी साखर आता ताब्यात आहे, हे आधी आईला वाचून दाखवा. तिचे गुडघे कसे आहेत?

इथल्या दवाखान्यात दर शनिवारी आम्हा मधुमेहवाल्यांची बैठक भरते. काय खायचं, पाय कसे जपायचे, सगळं नीट समजावतात. परवा नर्सबाई म्हणाल्या, "बूट घालण्याआधी आतून हात फिरवा."

मी म्हटलं, "बाई, हे तर माझ्या वडिलांनी केव्हाच शिकवलंय! आत खिळा वर आला नाही ना, हे हात फिरवून बघितल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला शिवलेला बूट देत नाहीत."

झालं! सगळ्यांनी आपापले बूट काढून माझ्यापुढे मांडले. दोघांच्या बुटांत खिळे निघाले. आता सगळे मला मास्तरीणबाई म्हणतात. तुमची लेक, अण्णा!

तुम्ही मागे फोनवर हसत म्हणालात, पाय इतके राकट झालेत की खिळा टोचला तरी कळत नाही. साखरेनेही तसं होतं. माझ्या पायाचा अंगठा असाच बधिर झाला होता, तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही.

उद्या दुकान उशिरा उघडा, आधी रक्त तपासून या. जन्मभर लोकांच्या बुटांत हात घातलात, आता स्वतःच्याही घाला.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
तुमची थोरली