नऊ तास आणि बगळे

४ ऑगस्ट, सोमवार
रे. (नात, रेणुका) सकाळच्या यष्टीनं कॉलेजात गेली. चिंचेची सावली अजून हौदाला टेकली नव्हती.
काल जेवताना नातीनं मला कामाला लावलं. ती पीएच.डी. करते, त्याच कॉलेजात तासावर शिकवतेही. वेळापत्रकात आठवड्याला नऊ तास, पगार नऊचाच. पेपर तपासणं, दुसऱ्यांचे तास घेणं हे कशातच धरत नाहीत. आता कॉलेजनं फॉर्म काढलाय. ऑगस्टमध्ये खरोखर किती तास काम केलं ते लिहा, मूळ नोंदी जोडा, खाडाखोड नको. घरी केलेल्या कामाला साक्षीदार हवा, शक्यतो निवृत्त शिक्षक. ५ सप्टेंबरपर्यंत दिला नाही तर नऊच कबूल, असं धरणार.
"आबा, तुम्ही रोज लिहिताच की. माझं जाणं-येणं, तपासणं तेवढं टिपत जावा."
प्रबंधाचं तिसरं प्रकरण संक्रांतीपासून उघडलेलं नाही. तास मान्य झाले तर पगार वाढेल, नाहीतर काम तरी कमी होईल. "कायबी चालंल," म्हणाली.

७ ऑगस्ट, गुरुवार
चाचणीचे पेपर घेऊन रे. ओसरीवर बसली. जेवणं झाल्यावर नोंद मागितली. वाचून दाखवली: बगळे माघारी निघाले तेव्हा बसली. सूनबाईची तिसरी भाकरी फुगली तेव्हा उठली.
"वाजले किती होते?"
"घड्याळ कोण बघतं. आभाळ बघण्यासारखं होतं."
"बगळ्यांना तासाला किती देतात, आबा?"
सूनबाईनं माझं निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं गजराचं घड्याळ आणून पुढ्यात ठेवलं. ठेवलं म्हणजे आदळलं. "मामा, काटे बघायचे. पाखरं न्हाय."

११ ऑगस्ट, सोमवार
घड्याळ चालतं. पण टिकटिक सुरू झाली की बेंबळीची आमची जुनी शाळा आठवते. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप, तिच्यात धूळ, आणि चाळीस पोरं एका सुरात नदीची कविता म्हणतायत. शेवटच्या ओळीला मागच्या बाकावरचा आवाज नेहमी अर्धा शब्द उशिरा...
या नादात रे. कधी आली ते राहिलं. चपला ओल्या होत्या. म्हणजे पावसानंतर.

१४ ऑगस्ट, गुरुवार
रे. दमली होती म्हणून म्हटलं, एक पेपर मी बघतो. एका पोरीनं कवितेवर असं उत्तर लिहिलं होतं की दोनदा वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. तांबड्या शाईनं समासात चार ओळी लिहिल्या, मग मागच्या पानावर दीड पान. सुरुवात ५.१०, शेवट ५.५० (काटे बघितले).
रे. बघत राहिली. "आबा, दहापैकी अकरा?"
"लायक होतं."
"आणि ही तुमची चाळीस मिनिटं कुणाच्या नावावर टाकू?"
आता मला पेपर मिळत नाहीत. फक्त चहा.

१८ ऑगस्ट, सोमवार
रे. गेली ७.१०, आली ६.३५. विभागप्रमुखांना मीटिंग होती, त्यांचाही तास हिनंच घेतला. या महिन्यातला पाचवा. विभागप्रमुख म्हणजे दिगंबर, माझाच विद्यार्थी. सातवीत नदीची कविता पाठ म्हणायची वेळ आली की दिगू पोट धरून बसायचा. अजून पोट धरूनच बसतो वाटतं. कविता आता रे. म्हणते.

१९ ऑगस्ट, मंगळवार
सुट्टी टाकून दिवसभर पेपर. ८.०५ ते १.००, १.४० ते ७.४५. मध्ये एकदा उठली, पेनाची कांडी बदलायला. तपासण्याचा एवढा लांब दिवस या वहीत दुसरा नाही.

३१ ऑगस्ट, रविवार
रे.नं बेरीज केली. आठवड्याला सव्वीस. पावसानंतरच्या चपला आणि बगळे सोडून.
मूळ पानं जोडायची म्हणून वही पहिल्यांदाच तिच्या हातात दिली. वाचताना हसत होती. १८ तारखेला आली आणि बोट त्या ओळींवर ठेवलं. दिगंबर तिचा गाइडही आहे. फॉर्मवर सही त्याची, प्रबंधावरही त्याचीच.
सूनबाई म्हणाली, "ते पान फाडा, मामा."
फाडलं तर पाठचं पान जातं. पाठीला १९ तारीख आहे.
"लिहायची काय गरज होती ते पोटाचं?" रे. म्हणाली.
वहीत फक्त तिचीच हजेरी लावायची होती, मी जुन्या वर्गाचीपण घेत बसलो.

२ सप्टेंबर, मंगळवार
दुपारी दिगू स्वतः आला, सव्वीसचं कानावर गेलं असणार. पाया पडला. केस माझ्याहून पांढरे. सूनबाईनं घाईनं चहाचा ट्रे वहीवर ठेवला.
"रेणुका, नऊच टाक. पुढच्या वर्षी मी बघतो."
रे. खाली बघून होती. मग तिनं ट्रे उचलला, बाजूला ठेवला, आणि वही १८ तारखेला उघडून त्याच्या हातात दिली. "सर, हे वाचा. मग सांगा किती टाकू."
तो वाचायला उभा राहिला. वर्गात राहायचा तसाच. मी उंबऱ्याकडं बघत बसलो. सूनबाई आत गेली ती आलीच नाही.
वाचून झाल्यावर हात नकळत पोटावर गेला, तो त्यालाच दिसला. हसला. नदीची कविता सुरू केली. तीन कडवी धडाधड.
"चौथं?"
"ते तेव्हाही येत नव्हतं, गुरुजी."
मग खाली बसला. म्हणाला, "अकरा वर्षं मीपण तासावर काढली. माझं कुणी लिहून ठेवलं न्हाय." मग फॉर्म हातात घेऊन, "सही केली तर वरचे विचारतील, तुझे तास हिनं का घेतले."
रे. म्हणाली, "विचारू द्या, सर. मीपण तेच विचारतीय."
तो उठला. फॉर्म आणि वही घेऊन गेला. चहा तसाच.

५ सप्टेंबर, शुक्रवार (नवी वही)
शिक्षक दिन. दिगूचा फोन दरवर्षी सकाळी आठच्या आत येतो. आज नाही.
रे. आज गेली नाही. १०.२० ला तिसरं प्रकरण उघडलं. मी विचारलं, हे कशात धरायचं? म्हणाली, "हे माझं. तरी लिहा."
४.०० सूनबाईनं फोनला रेंज आहे का बघितलं. ४.१५ पुन्हा.
कॉलेजचं ऑफिस सहाला बंद होतं, फॉर्मची मुदतही तेव्हाच संपते.
बगळे माघारी निघाले. काटे बघितले: पाच पन्नास. रे.चा पेन चालू आहे.