पंधरा वर्षांची स्लाइड

बर्मिंगहॅम

ती. सौ. ताईस,

धाकट्या अनुराधाचा वाकून नमस्कार. (गुडघे आता वाकत नाहीत, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझं कानाचं यंत्र नीट चालतंय का? भाऊजींचा खोकला कसा आहे? इकडे मी ठीक आहे आणि आमचे डॉक्टर प्रेमात आहेत.

घाबरू नकोस. बाई कोरियात असते, वय अठ्ठेचाळीस, नाव चू हे-रान, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नाही. सिनेमा-मालिकांतली मोठी नटी आहे म्हणे. डॉक्टर निवृत्त झाल्यापासून रोज जेवण झालं की तिची मालिका लावून बसतात. भाषा कळत नाही, खालची अक्षरं वाचायची, शिट्टीने त्यांचं लक्ष मोडतं, म्हणून मी कुकरसुद्धा लावायचा नाही. चाळीस वर्षं लोकांची हृदयं तपासली, पण डोळ्यांत टिपूस आलं नाही. आता ती भाताचा वाडगा हातात घेऊन नुसती बसली तरी यांना रुमाल लागतो. तिचं जन्मगाव, सातव्या वर्षी केलेली साबणाची जाहिरात, पहिला सिनेमा, तिसरं पारितोषिक, सगळं तोंडपाठ. माझा वाढदिवस मात्र अजून मुलाला फोन करून विचारतात.

यंदा मंडळाच्या गणपतीत बायकांचं नाटक बारगळलं, कारण नायिकेचं खुब्याचं ऑपरेशन निघालं. ती वेळ आमच्या डॉक्टरांनी मागून घेतली. विषय, ‘एका कोरियन अभिनेत्रीचं जीवन आणि कारकीर्द’. बेचाळीस स्लाइड! शाळेच्या हॉलमध्ये मंडळी प्रसादासाठी जमलेली, त्यांना हे ऐकणं भाग होतं. मला लॅपटॉपपाशी बसवलं. काम एवढंच, की त्यांनी ‘अनू, पुढची’ म्हटलं की बटण दाबायचं.

एकोणिसाव्या स्लाइडपर्यंत मी इमानाने दाबलं. विसावीवर तिच्या लग्नाचा फोटो आला. एकोणतिसाव्या वर्षी लाकडाच्या व्यापाऱ्याशी लग्न, आणि मग पंधरा वर्षं घरी. डॉक्टरांचा आवाज भरून आला. म्हणाले, “एवढी मोठी कलावंत, आणि त्या माणसाने तिला एकदाही विचारलं नाही, की बाई गं, तुला काय हवंय?” हॉलभर टाळ्या. सेक्रेटरी देवयानीने तर डोळे पुसले.

ताई, मला सांगलीचं नाट्यगृह आठवलं. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, मला अभिनयाचं रौप्यपदक, आणि अंतिम फेरी पंधरा दिवसांवर. यांची इथली नोकरी त्याच आठवड्यात सुरू होणार होती. तेव्हा हेच गृहस्थ म्हणाले होते, “नाटक काय, तिकडेही करता येईल.” इकडे आल्यावर यांच्या ड्यूट्या, मग मुलं, आणि मग मला कोणी विचारलंच नाही. चव्वेचाळीस वर्षं मी मंडळाच्या नाटकात इतर बायकांच्या नऊवाऱ्या नेसवून दिल्या.

“अनू, पुढची,” हे म्हणाले. मी दाबलं नाही. “अनू, पुढची घे.” नाही. पुन्हा म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत बसले. चांगली चार मिनिटं तो लग्नाचा फोटो भिंतीवर होता. मला वाटलं, आता यांच्या लक्षात येईल. माझ्याकडे वळले, नीट पाहिलं, आणि लोकांना म्हणाले, “माफ करा हं, मशीन अडकलंय.” मग स्वतः येऊन त्यांनी बटण दाबलं, आणि बाई चव्वेचाळिसाव्या वर्षी सासूच्या भूमिकेत परत आली. पुन्हा टाळ्या.

गाडीत नातीला तेवढं कळलं. अन्वी म्हणाली, “आजी, लॅपटॉप वॉज फाइन. तू बटण प्रेस नाही केला.” डॉक्टर पुढे बसून रस्ता बघत होते. व्याख्यान छान झालं ना, एवढंच त्यांनी तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी,
अनू

ता. क. ते दुपारी वाचनालयात गेले की मी चोरून त्या बाईची मालिका बघते. सोळाही भाग झाले. काम फार सुंदर करते गं मेली. तिला नावं ठेवता आली असती तर बरं वाटलं असतं.

ता. क. २. देवयानीने वसंतातल्या नाटकात मला आत्याची भूमिका विचारली आहे. भूमिका चांगली मोठी आहे. महिनाअखेर हो की नाही ते सांगायचंय. यांना अजून बोलले नाही.

ता. क. ३. पदक तुझ्या कपाटात आहे, ते पाठवू नकोस. त्या वर्षी सांगलीच्या फेरीला नाटकंच चार होती, कोणालातरी द्यायचंच होतं. तू दुसऱ्या रांगेत बसली होतीस. मी खरंच चांगलं काम केलं होतं का, की इतकी वर्षं यांच्यावर उगाचच राग धरला? पत्रानेच कळव, फोन हे स्पीकरवर टाकतात. आणि नसेल केलं, तर फक्त हवापाणी लिही. मी समजेन.