रविवार वगळून

हेम्लॉक गॅप, पेनसिल्व्हेनिया
१ डिसेंबर

चि. व्हर्ना हीस, एमरीचे अनेक आशीर्वाद.

आई बरी आहे. पण काल ती बाबांच्या थडग्यापर्यंत पोहोचली नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. चर्चहून आल्यावर आम्ही नेहमीसारखे आपल्या रानात निघालो. रविवारी बंदुका बंद, म्हणून तर तिने हा वार धरला होता. यंदा राज्याने कायदा बदलून रविवारची शिकार खुली केली, हे खरं. पण खासगी रानात मालकाची लेखी परवानगी लागतेच. तरी जवळच बार झाला. आई मटकन खाली बसली. आता तिकडे यायचंच नाही म्हणते.

तिला घरी सोडून मी परत गेलो. बाबांच्या दगडापासून अकरा पावलांवर (मोजली) हरणाच्या आतड्यांचा ढीग, अजून वाफाळता, आणि त्यात खोचलेला बिअरचा डबा. पस्तीस वर्षं मीही शिकार करतो. असली घाण कधी केली नाही. शिसारी आली.

तुझा डेल शिकाऱ्याची नारिंगी टोपी घालून रानातून उतरताना दिसला. रान निम्मं तुझं आहे. लेकाला परवानगी दिली असशील तर सरळ कळव.

तुझा, एमरी

पिट्सबर्ग
४ डिसेंबर

ती. एमरीदादास, व्हर्नाचा सा. न.

मी एक ओळही लिहून दिलेली नाही. डेलला विचारलं तर त्याने शिकारीच्या परवानगीचा कागद पुढे केला. टाइप केलेला, समास मोजून सोडलेले, खाली तुझी सही, सहा वर्षांपूर्वीची. 'कायदा ज्या ज्या दिवशी मुभा देईल त्या त्या दिवशी.' वकिलालाही असं जमणार नाही म्हणून जेवताना तूच वाचून दाखवलं होतंस. मी म्हटलं होतं, 'रविवार वगळून' एवढं घाल. तू म्हणालास, रविवार बंदच आहे, फालतू शब्द अडाणी माणूस घालतो.

त्या डब्याबद्दल पोराला झाडलंय. रविवारबद्दल कुणाला झाडू?

आईला जप. रागावलास तरी लिही.

तुझी, व्हर्ना

हेम्लॉक गॅप
८ डिसेंबर

चि. व्हर्ना हीस, आशीर्वाद.

शनिवारी डेल आला. वाद न घालता कागद परत दिला. म्हणाला, "मामा, तुमचा शब्द कधी चुकून सुटतो का? मला वाटलं, रविवारही मुद्दाम दिलात." मी फावडं उचललं. दोघांनी मिळून अडीच फूट खड्डा खणला. कोल्ह्यांनी विस्कटलेली ती आतडी फावड्याने ओढली. हात तीनदा धुतले, वास जात नाही. किळस आता डेलची येत नाही.

नवा कागद हातानेच लिहिला. तुझे दोन शब्द सर्वांत वर.

काल आईला सगळं सांगितलं, कागद माझाच होता हेही. तिने खुंटीवरचं बाबांचं शिकारीचं नारिंगी जाकीट, माणूस लांबून ओळखू यावा म्हणून घालायचं ते, काढून अंगात घातलं. माझ्या कागदावर माझा विश्वास असेल, तिचा नाही, म्हणाली. आणि पुढे चालू लागली. दगडापाशी नेहमीइतकीच बसली. पलीकडच्या रानात बार होत होते. मी मोजले नाहीत.

लोभ राहू दे, आणि चुका दाखवत जा.

एमरी